ॲपवर किती विसंबायचं? निपाणीच्या बाईंना एका ड्रायव्हरचं उत्तर

निपाणीच्या एका शिक्षिका बाईंचा प्रश्न आहे. गाडी शिकून त्यांना वर्ष झालंय. दिवाळीच्या सुट्टीत आईला घेऊन, स्वतः गाडी चालवत गोव्याला जायचं मनात आहे. त्या विचारतात: फोनमधल्या नकाशाच्या ॲपवर किती विसंबावं? वाटेतल्या चोर्ला घाटात रेंज नसते म्हणतात, मग ते मध्येच बंद पडतं का? कुठलं ॲप घ्यावं, की गाडीत लावायचं वेगळं यंत्रच आणावं?

बाई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर एका शब्दाचं आहे: नको. मी बेळगावात टुरिस्ट गाडी चालवतो, चोवीस वर्षं झाली. स्मार्टफोन आपल्याकडे रुळले नव्हते तेव्हा असलं एक यंत्र मी हौसेनं घेतलं होतं. काचेला चिकटवलं की प्रवासी खूश व्हायचे. मी काही फार दिवस खूश राहिलो नाही. विकत घेतलं त्या दिवशी त्याच्यातला नकाशा जिथे होता तिथेच तो थांबला. नव्या बायपासवरून गेलो की आमची गाडी उसातून चाललीय असं ते दाखवायचं. नवा नकाशा घालायचा तर पैसे वेगळे. आता ते माळ्यावर पडून आहे. (आमच्या पिवळ्या पाटीच्या गाड्यांना ट्रॅकिंगचा डबा आणि पॅनिक बटण लागतं, ते वेगळं. ते गाडी कुठे आहे हे दुसऱ्यांना सांगतं, आम्हाला वाट दाखवत नाही.)

आता रेंजचं. इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. आमच्या घरी लहानपणी रेडिओवर आकाशवाणी सांगली लागायची आणि काटा जरा सरकवला की धारवाड. ऐकायला सिमकार्ड लागत नव्हतं, की कुणाला फोन करावा लागत नव्हता. जीपीएस तसंच. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवरून आपली वेळ आणि आपली जागा सांगत फिरतात आणि फोन ते फक्त ऐकतो. चार उपग्रह ऐकू आले की त्याला स्वतःची जागा काढता येते. तीन जागेसाठी, चौथा फोनच्या घड्याळाची चूक काढायला. प्रकाशाच्या वेगाचा हिशेब असल्यामुळे घड्याळ सेकंदाच्या एक अब्जांश भागानं चुकलं तरी जागा फूटभर सरकते, म्हणून चौथ्याशिवाय भागत नाही. यात मोबाईलच्या टॉवरचा संबंध कुठेच नाही. चोर्ल्याच्या वाटेवर कणकुंबीला फोनवर 'नो सर्व्हिस' दिसलं तरी निळा ठिपका चालत राहतो.

मग बंद पडतं ते काय? नकाशा. ठिपका चालतो, पण त्याच्याखालचं चित्र नेटवरून येत असतं. रेंज गेली की पांढऱ्या कागदावर ठिपका सरकताना दिसतो. आणि फोन घाटातच बंद करून पुन्हा चालू केला तर ठिपकाही लवकर येत नाही. एरवी कुठले उपग्रह डोक्यावर आहेत याची यादी फोन नेटवरून क्षणात उचलतो. नेट नसेल तर ती उपग्रहाकडूनच ऐकावी लागते, आणि उपग्रह बोलतो फार सावकाश, सेकंदाला ५० बिट. एका उपग्रहाचा नेमका मार्ग कळायला अर्धा मिनिट, सगळ्यांचा मिळून आराखडा पुरा ऐकायचा तर साडेबारा मिनिटं. म्हणून माझा रिवाज असा: घाट लागण्याआधी, रेंज असतानाच, ॲप चालू करून मार्ग लावून ठेवायचा. मग उतरेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

नकाशा आधीच उतरवून ठेवला तर रेंजची भानगडच राहत नाही. गूगल मॅप्समध्ये हवा तेवढा भाग निवडून ऑफलाइन ठेवता येतो. गाडीचा रस्ता त्यावर मिळतो, फक्त पुढे गर्दी आहे की नाही ते कळत नाही. ऑरगॅनिक मॅप्स आणि ऑसमअँड ही दोन ॲप मुळातच ऑफलाइन चालण्यासाठी केलेली आहेत. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा ती वापरतात, जो जगभरचे हौशी लोक मिळून काढतात. मॅपल्स हे आपल्या देशातलं आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला एका राज्याचा नकाशा पुरतो. आपलं तसं नाही. निपाणीहून गोव्याला जायचं तर कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा तिन्ही उतरवायला लागतात. मी एकदा नुसतं कर्नाटक उतरवून आंबोलीला निघालो होतो. बाची ओलांडून महाराष्ट्रातल्या शिनोळीत शिरलो आणि नकाशा शिळेवर रेघ मारल्यासारखा संपला. सीमावादाचा एवढा स्पष्ट निकाल मी दुसरीकडे कुठे बघितला नाही.

सीमेवरची आणखी एक गंमत. कागल-कोगनोळी, शिनोळी-बाची अशा ठिकाणी फोन कधी या राज्याचा टॉवर धरतो, कधी त्या. बोलणं चालू राहतं, पण सेटिंगमध्ये डेटा रोमिंग बंद असेल तर काही फोनवर नेट गप्प होतं. लोक ॲपला शिव्या देतात. ते बटण चालू ठेवा. देशातल्या देशात त्याचे वेगळे पैसे आता पडत नाहीत.

कुठलं ॲप, हे मी तुम्हाला सांगणार नाही. दोन ठेवा, एक गूगलचं आणि एक पूर्ण ऑफलाइन चालणारं, आणि दोन्ही स्वतः पारखून घ्या. पारखायचं कुठे? बहुतेक जण इथेच चुकतात. नवं ॲप नव्या रस्त्यावर वापरून बघतात. अहो, जो रस्ता तुम्हालाच माहीत नाही तिथे ते चुकलं हे तुम्हाला कळणार कसं? माझ्याकडे नवा फोन आला की पंधरा दिवस मी तो रोजच्या ओळखीच्या वाटेवर लावतो आणि त्याच्या चुका काढत बसतो. तुम्ही पेपर तपासता तसंच.

तुमच्यासाठी निपाणी-चिकोडी रस्ता आणि हायवेवरचा तवंदी घाट पुरेसे आहेत. पहिल्या दिवशी फोन फ्लाइट मोडवर टाका आणि गावातल्या गावात फिरा. ठिपका चालतोय आणि खाली नकाशा दिसतोय, तर ऑफलाइनचं काम झालं. मग चिकोडी लावा आणि वाटेत मुद्दाम चुकीचं वळण घ्या. नवा रस्ता काढायला त्याला किती वेळ लागतो ते बघा. माझ्या जुन्या फोनला इतका वेळ लागायचा की तोवर मी पुढच्या गावात चहा घेत असायचो. तिसरी परीक्षा हायवेची. सर्व्हिस रोडवरून चला आणि ॲप तुम्हाला कुठे समजतं ते बघा. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन चार-पाच मीटर इकडेतिकडे चुकतो, आणि हायवे आणि सर्व्हिस रोड यांच्यात अंतर तरी किती असतं? त्यात ॲप ठिपका ओढून जवळच्या रस्त्यावर बसवतं, म्हणजे आपल्याला तो कधी शेतात दिसू नये. म्हणून उड्डाणपुलाखाली तुम्ही असता आणि ते सांगतं, पुलावरून सरळ जा. तिथे पाटी वाचायची, फोनकडे बघायचं नाही.

जमलं तर जीपीएसटेस्ट नावाचं एक फुकट ॲप घालून बघा. कुठले उपग्रह दिसतायत आणि कुणाचा आवाज किती मोठा येतोय, ते त्यात दिसतं. अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बेईदू हेही तुमचा फोन ऐकत असतो. आपल्या इस्रोच्या नाविकचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला आणि २०२० पासून नाविक ऐकू शकणारे फोन बाजारात आले. नाविकचे उपग्रह आपल्याच भागावर उंच राहतात. घाटात एका बाजूला डोंगराची भिंत आणि वर झाडी असते, तेव्हा डोक्यावरचा उपग्रह कामाला येतो. नवा फोन घ्यायचाच असेल तर तो नाविक ऐकतो का आणि एल-५ ही दुसरी फ्रिक्वेन्सी घेतो का एवढं विचारा. दुकानदार बावरेल, पण विचारा.

बॅटरी सेव्हर बंद ठेवा, नाहीतर ठिपका दम लागल्यासारखा थांबत थांबत चालतो. लोकेशनची परवानगी देताना 'अचूक' हा पर्याय निवडा.

हे सगळं झालं उपग्रहाचं. त्याची मला कधी फार तक्रार नव्हती. तुम्ही कुठे आहात हे तो बहुतेक खरं सांगतो. तिथे रस्ता आहे हे नकाशा सांगतो, म्हणजे कधीतरी कुणीतरी काढून ठेवलेली रेघ. आणि त्या रस्त्याने जा, हे ॲप सांगतं, म्हणजे निव्वळ हिशेब. तीन वेगळ्या तोंडांनी सांगितलेल्या तीन गोष्टी आहेत. पहिलीवर माझा विश्वास आहे, दुसरीवर निम्मा, तिसरीचं मी ऐकून घेतो.

हे सगळ्यात चांगलं कळतं तुमच्याच भागात, पावसाळ्यात. कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड हे दूधगंगा, वेदगंगा, कृष्णेवरचे बंधारे. कोयनेकडे आणि राधानगरीकडे पाऊस लागला की ते पाण्याखाली जातात, दरवर्षी. ॲपला तो रस्ताच. अंतर वाचतं म्हणून ते हौसेनं तिकडे पाठवतं. उपग्रह बरोबर, रेघ बरोबर, पण रेघेवर पाणी. जुलै-ऑगस्टमध्ये मी त्या बाजूला भाडं घेतलं तर आधी त्या गावातल्या कुणालातरी फोन करतो. एकदा नाही केला. रात्री साडेनऊला बंधाऱ्याच्या अलीकडे दोन पोरं बॅटरी दाखवत उभी होती म्हणून थांबलो. फोन तेव्हाही गोड आवाजात 'सरळ जा'च म्हणत होता.

लाल रेघेचंही तसंच. रस्त्यावरच्या बाकीच्या लोकांचे फोन किती वेगानं सरकतात त्यावरून ॲप गर्दी ओळखतं. हायवेवर फोन भरपूर, त्यामुळे तिथे ते बऱ्यापैकी खरं ठरतं. चिकोडी-रायबागच्या आतल्या रस्त्यावर पुढे उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या जोडून डुलत चालला असेल, मागे रिफ्लेक्टर नसेल, तर ते फोनला कुठून कळणार? तुम्ही दिवाळीत निघताय, म्हणजे साखर कारखान्यांची धुराडी पेटण्याचे दिवस. अंधारात आतले रस्ते नकोतच.

जंगलाचंही सांगतो. खानापूर तालुक्यात शिरोडगा, हेम्माडगा या बाजूनं गोव्याकडे एक रेघ नकाशावर दिसते आणि ती जवळची दिसते. हा भीमगड अभयारण्याचा भाग, २०११ मध्ये जाहीर झालेला. रस्ता अरुंद, गावं लांब लांब, रेंज नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याला निघालेलं बाहेरच्या राज्यातलं एक कुटुंब असंच जवळच्या वाटेनं आत गेलं आणि रात्र त्यांनी जंगलात गाडीतच काढली. सकाळी चालत जाऊन रेंज सापडली, ११२ ला फोन लागला, मग पोलिसांनी बाहेर काढलं. उपग्रहानं त्यांना शेवटपर्यंत बरोबरच सांगितलं असणार की तुम्ही जंगलात आहात! म्हणून मी नवीन माणसाला सांगतो की मार्ग लावल्यावर लगेच निघू नका. दोन बोटांनी नकाशा मोठा करा आणि रस्त्यावरची गावं एकेक वाचा. ओळखीचं तालुक्याचं गाव वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये एकदाही येत नसेल तर तो रस्ता आपला नाही.

नावांचाही गोंधळ असतो. नुसतं 'खानापूर' टाकलंत तर एक आपलं, बेळगाव जिल्ह्यातलं, आणि एक सांगली जिल्ह्यात विट्याजवळ. माझ्या एका पाहुण्यांनी लग्नाला यायचं म्हणून दुसरंच लावलं होतं. कऱ्हाडला वळायला सांगितल्यावर शंका आली म्हणून बरं. बेळगावला लागून कंग्राळी खुर्द आणि कंग्राळी बुद्रुक आहेत. इंग्रजी पाटीवर ती 'के.एच.' आणि 'बी.के.' होतात आणि फोनचा मराठी आवाज ते असं काही वाचतो की गावकऱ्यालाही कळू नये. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून बेळगावचं सरकारी नाव 'बेळगावी' झालं. कुठल्या ॲपला जुनं नाव कळतं, कुठल्याला नवंच लागतं. एक चालत नसेल तर दुसरं टाकून बघा, भांडत बसू नका. त्यापेक्षा ज्यांच्याकडे जायचं त्यांनाच व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवायला सांगावं. नावाचा प्रश्नच मिटतो.

बेळगाव शहरात यायचं झालं तर बघून घ्या की ॲपमध्ये चुकून दुचाकीचं चित्र निवडलेलं नाही ना. ते असलं की गाडी खडेबाजारच्या मागच्या गल्ल्यांत घुसवतं आणि मग शनिवारच्या बाजारात मागे घेता येत नाही, पुढे नेता येत नाही. टिळकवाडीत रेल्वे गेट पडलेलं असतं तेही ते मोजत नाही. कॅम्पात लष्कराचा पहारेकरी हात करून परत पाठवेल, तेव्हा फोन दाखवून उपयोग नाही. 'टोल टाळा' हेही बटण तपासा. चालू राहिलं तर हत्तरगीचा नाका चुकवायला ते तुम्हाला हुक्केरीच्या खेड्यापाड्यांतून फिरवेल. वाचलेल्या टोलपेक्षा जास्त तेल जाईल.

फोन हातात धरायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना फोन हातात वापरणं हे मोटार वाहन कायद्यात धोकादायक चालवण्यात धरलं जातं आणि पहिल्याच वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड आहे. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमात रस्ता शोधण्यापुरती मोकळीक दिलीय, पण लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. म्हणजे स्टँडवर, नजरेच्या खाली, एसीच्या जाळीजवळ. काचेला लावला तर दुपारी उन्हानं तापून फोन स्वतःच बंद पडतो. चार्जरची वायर चांगली ठेवा. वाटेत काही बदलायचं तर गाडी कडेला घ्यायची. आवाज मराठी ठेवा, आणि वळण येण्याआधी किती मीटरवर तो बोलतो त्याची सवय करा. सुरुवातीला सगळेच एक वळण आधी वळतात.

आता तुमच्या गोव्याबद्दल. निपाणीहून तुम्हाला ॲप तीन-चार वाटा दाखवेल. बेळगावात येऊन जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी ही एक. दुसरी खानापूर, रामनगर, अनमोड घाट. तिसरी संकेश्वरला हायवे सोडून गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा. आणि चंदगडकडून तिलारी, दोडामार्ग. कधी कधी ही शेवटची सगळ्यात कमी अंतराची दिसेल. तिलारीला तुम्ही यंदा जाऊ नका. उतार अंगावर येणारा आहे आणि वळणं आखूड. पहिल्या गिअरवर उतरायचा सराव नसेल तर ब्रेक तापतात. घाट आणि सपाट रस्ता यांतला फरक ॲपला वेळेच्या हिशेबात थोडाफार कळतो, तुमच्या पायाला किती कळतो ते त्याला माहीत नाही. चोर्ला मला आवडतो, पण पावसानंतर त्याची खड्डेभरणी झालीय की नाही त्यावर सगळं अवलंबून. तुमच्या जागी मी असतो तर आंबोलीनं गेलो असतो. संकेश्वर-बांदा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग आहे, रुंद आहे, मध्ये गडहिंग्लज आणि आजऱ्यासारखी मोठी गावं आहेत, पंक्चरवाला मिळतो, रेंजही मिळते. घाटात ॲपनं सांगितलेल्या वेळेच्या दीडपट वेळ धरा. सकाळी सातला निघालात तर उजेडातच सगळं होतं.

येताना धीर आला तर चोर्ल्यानं या. खानापूरच्या पश्चिमेला सगळं मराठी आहे, विचारायला अडचण नाही. पण पुढेमागे हुक्केरी-गोकाककडे गाडी नेलीत तर 'एडक्क' म्हणजे डावीकडे, 'बलक्क' म्हणजे उजवीकडे आणि 'सीदा होगरी' म्हणजे सरळ जा, एवढं कन्नड पाठ ठेवा. टपरीवरच्या माणसाला पूल वाहून गेल्याचं फोनच्या आधी कळतं.

आईंना पुढच्या सीटवर बसवणार असाल तर फोनचा आवाज त्यांना आधी एकदा चिकोडीपर्यंत ऐकवा. माझी आई पहिल्यांदा बसली तेव्हा आंबोलीच्या अलीकडे म्हणाली, हिरण्यकेशीला जाऊन येऊ. मी वळलो. फोन म्हणाला, 'यू टर्न घ्या.' ती म्हणाली, 'देवाला जाताना मागं फिरवणारी ही कोण टवळी?' तेव्हापासून देवळाचा थांबा मी निघतानाच मार्गात घालून ठेवतो.